कॅसेटचे दुकान आणि आवडीचा नेम

गेलेल्या दिवसांची हुरहुर ही भावना आपल्याकडच्या धर्मविचाराने कधी फारशी मानाने वागवलेली नाही. भोगलेल्या सुखाच्या मागे मनाने रेंगाळणे पतंजलींनी सरळ पंचक्लेशांत घातले. विषयाच्या नुसत्या चिंतनापासून बुद्धिनाशापर्यंतची घसरण गीतेने पायरीपायरीने दाखवली. तृष्णेला दुःखाचे मूळ म्हणताना बुद्धाने गेलेल्या सुखाची तृष्णा काही वगळली नाही. या शिकवणीच्या छायेत वाढलेला माणूस पन्नाशी-साठीला येतो आणि तरुणपणी जिथून कॅसेटी घेतल्या त्या दुकानाच्या आठवणीने हळवा होतो, तेव्हा शास्त्राचा निकाल तयारच असतो: हा मोह आहे, सोडून दे. शिवाय गाणे कुठे गेलेले नाही. तेच गाणे, त्याच गायकाचे, अधिक स्वच्छ आवाजात आणि जवळजवळ फुकट, खिशातल्या फोनमध्ये आहे. मग जे हरवलेच नाही त्याच्यासाठी हळहळायचे कशाला? प्रश्न बिनतोड वाटतो, आणि म्हणूनच तो जरा सावकाश तपासावासा वाटतो. माझे म्हणणे असे की या हुरहुरीत मोहाचा भाग आहेच, पण तिच्या तळाशी एक खरी उणीव आहे. ती उणीव दुकानाची नाही, टंचाईचीही नाही, आणि तिची ओळख पटवून घ्यायला आपल्याला वारकऱ्यांकडे जावे लागते.

सोलापूर हे या तपासणीसाठी चांगले गाव आहे, कारण इथे गाणे हा कधीच एका भाषेचा मामला नव्हता. १८७७ साली जुनी मिल उभी राहिली, तिच्या मागोमाग आणखी गिरण्या आल्या, पूर्व भागात पद्मशाली विणकरांचे हातमाग आणि पुढे यंत्रमाग खडखडू लागले, आणि मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा एकाच बाजारात भाव करू लागल्या. ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले आणि त्यांची वचने कन्नडमध्ये. लावणी आणि कीर्तन दोन्ही गाजवणारे शाहीर रामजोशी याच गावचे. अशा गावात कॅसेटच्या दुकानदाराला एकाच भाषेवर पोट भरणे अवघडच होते. भीमसेन जोशींच्या संतवाणीशेजारी राजकुमारच्या कन्नड चित्रपटांची गाणी, खाली तेलुगू सिनेमा, पलीकडे कव्वाली आणि गझल, आणि हाताशी लागेल अशा कप्प्यात प्रल्हाद शिंदे, असा तो मामला. फिलिप्सने कॅसेट बाजारात आणली ती १९६३ साली, पण आपल्याकडे तिचे राज्य आले ते ऐंशीच्या दशकात. दिल्लीच्या दर्यागंजमध्ये फळांच्या रसाचे दुकान चालवणाऱ्या कुटुंबातल्या गुलशन कुमार यांनी १९८३ साली सुपर कॅसेट्स काढली, स्वस्त कॅसेटींचा लोंढा सुटला, आणि तबकडीच्या काळात पैसेवाल्यांच्या दिवाणखान्यात बसलेले गाणे माग चालवणाऱ्याच्या घरी आले.

विकतच्या छापील कॅसेटपेक्षाही या हुरहुरीत मोठा वाटा असतो तो भरून घेतलेल्या कॅसेटचा. वहीच्या पानावर गाण्यांची यादी करायची, कोरी कॅसेट आणि यादी दुकानात द्यायची, दोन-चार दिवसांनी न्यायला यायचे. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटे, म्हणजे फार तर सात-आठ गाणी. यादी नेहमीच लांब व्हायची आणि खोडाखोड तिथेच काउंटरवर चालायची. एखादी लांबलचक कव्वाली हवी असेल तर तीन गाण्यांवर पाणी सोडायचे. बाजू संपत आली की शेवटचे गाणे अंतऱ्याच्या मध्यावर कट्‌कन तुटायचे, आणि पुढे कित्येक वर्षे ते गाणे त्या घरात तेवढेच असायचे. घरातल्या कुणी चुकून वर दुसरे काही भरू नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरचे दोन इवलेसे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकायचे. आणि हौस फिरली की त्याच भोकांवर चिकटपट्टी लावून पुन्हा भरायला मोकळे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या नजरेत हा सगळा उद्योग चोरीचा होता, हेही नोंदवून ठेवावे, कारण आठवणी सांगताना हा तपशील हमखास गाळला जातो. पण इथे मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. अशा कॅसेटवर ज्याने कान पोसले आहेत त्याला आजही, त्यातले एखादे गाणे दुसरीकडे कुठे ऐकले, तर ते संपल्या क्षणी कॅसेटवरच्या क्रमातले पुढचे गाणे मनात सुरू होते. त्या दोन गाण्यांत चित्रपटाचा, गायकाचा, रागाचा, कसलाही संबंध नसतो. संबंध असतो तो शेकडो वेळा तसे ऐकल्याचा. संस्कार म्हणजे काय हे शिकवणाऱ्या न्यायशास्त्राच्या गुरुजींना याहून सोपे उदाहरण मिळायचे नाही.

पहिला आक्षेप मानसशास्त्राचा. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या तर त्या दहा ते तीस या वयाभोवती प्रमाणाबाहेर गोळा होतात, हे अनेक अभ्यासांत दिसलेले आहे. म्हणजे माणसे दुकानासाठी हळहळत नाहीत, स्वतःच्या विशीसाठी हळहळतात. दुकान आपले निमित्ताला. आक्षेपात तथ्य आहे, पण तो जेवढे सिद्ध करू पाहतो तेवढे त्याच्याने होत नाही. त्याच विशीत त्याच माणसांनी रॉकेलच्या रांगा लावल्या, ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहिली, स्कूटरसाठी नंबर लावून वर्षे काढली. त्याचे किस्से ते रंगवून सांगतात, पण रॉकेलची रांग परत यावी असे कुणी म्हणत नाही. तरुणपणाने सगळ्यालाच मुलामा चढवला असता तर तो रांगेलाही चढला असता. वय हे कारणांपैकी एक आहे, मान्य. पण कशाची ओढ लागायची आणि कशाची नाही, ही निवड वय करत नाही. याच उदाहरणाने आणखी एक सोपे उत्तर निकालात निघते, टंचाई होती म्हणून गोडी होती हे. टंचाई रॉकेलचीही होती.

दुसरा आक्षेप जुन्या नैयायिकांचा असू शकेल. त्यांच्या मते स्मृती निव्वळ संस्कारातून उपजते, पूर्वी अनुभवलेलेच पुन्हा दाखवते, नवे काही कळवत नाही. म्हणून ती खरी असली तरी तिला प्रमेचा मान नाही. मग हुरहुरीतून आपल्याला काही कळते, हा दावा करायचा कसा? इथे कालिदास मदतीला येतो. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे ऐकून दुष्यंत अस्वस्थ होतो. त्याला शकुंतला आठवत नाही, शापाने ती पुसली गेली आहे. कुणाचा विरह नसताना आपण व्याकूळ का झालो याचे त्याला कोडे पडते, आणि सुखात असलेल्या माणसाचेही असे होते ते मनात रुतलेल्या जन्मांतरीच्या स्नेहामुळे असावे, असा तो तर्क करतो. अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरच्या टीकेत हे स्थळ घेतले आणि बजावले की ही तार्किकांची स्मृती नव्हे, कारण इथे पूर्वी अनुभवलेली वस्तू आठवणीत येतच नाही. हिचे स्वरूप प्रतिभेच्या साक्षात्काराचे आहे. एवढ्या उंचीवर आपल्याला जायचे नाही. यातून मला घ्यायचे ते इतकेच, की गाण्याने उठणारी ओढ नेहमी भूतकाळाकडेच बोट दाखवते असे नाही. ती आत्ताच्या एखाद्या उणिवेची खूण असू शकते, आणि ज्याला ती लागली आहे त्याला ती नेमकी कशाची हे ठाऊक असेलच असे नाही. दुष्यंताला नव्हते. कॅसेटच्या दुकानासाठी झुरणारा माणूस नाव दुकानाचे घेतो, पण त्याने सांगितलेला पत्ता चुकीचा असू शकतो.

मग बरोबर पत्ता कोणता? पहिला अंदाज असा करता येतो की तो त्यागाचा आहे. ईशोपनिषद पहिल्याच मंत्रात भोगाची त्यागाशी गाठ घालते, आणि त्या गाठीने भाष्यकारांना शतकानुशतके गुंतवून ठेवले आहे. कॅसेटच्या काउंटरवर तिचा एक साधा, बाजारी अवतार रोज घडत असे. पगाराला एक कॅसेट घ्यायची म्हणजे भिंतीवरच्या उरलेल्या सगळ्यांना नाही म्हणायचे. ज्याने तीन गाणी सोडून कव्वाली भरून घेतली त्याने ती कव्वाली ऐकताना मध्येच उठून जाणे शक्य नव्हते. तिची किंमत त्याने आधीच चुकवलेली असे. आज स्पॉटिफायसारख्या एका सेवेवर १० कोटींहून अधिक ध्वनिमुद्रणे आहेत. प्रत्येकी साडेतीन मिनिटे धरली तर रात्रंदिवस ऐकत बसले तरी साडेसहाशे वर्षे पुरतील. एवढ्यातून एक निवडणे म्हणजे काही सोडणे होतच नाही. आवडले नाही तर अंगठा पुढे सरकतो, आणि आवडले तरी पुष्कळदा सरकतो, कारण पुढे याहून बरे काही असेल ही शंका सतत पोखरत असते. त्यागाशिवाय भोग पातळ होतो असे म्हणून इथे थांबता आले असते. जुन्या गाण्यांच्या आठवणींचे बहुतेक लेख इथेच थांबतात.

पण या अंदाजावरचा सगळ्यात जड आक्षेप आपल्याच दारातून येतो. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यातले, शहरापासून सत्तरएक किलोमीटरवर, आणि तिथल्या संप्रदायाने सातशे वर्षे याच्या नेमके उलट शिकवले आहे. नाम फुकट आहे. त्याला मुहूर्त लागत नाही, सोवळे लागत नाही, दक्षिणा लागत नाही, मध्ये कुणी लागत नाही. दळता-कांडता, वाट चालता, कुठेही घ्यावे. ज्ञानदेवांपासून तुकोबांपर्यंत सगळ्यांनी नामाचा मोठेपणा त्याच्या सुलभपणातच पाहिला. दुर्मीळ ठेवले की मोल वाढते, हा युक्तिवाद वेदाधिकार मुठीत ठेवणाऱ्यांच्या सोयीचा होता, आणि संतांनी तो मोडून काढला. मग सोपे झाल्याने गाणे हलके झाले असे म्हणणारा माणूस नकळत कुणाच्या बाजूला जाऊन उभा राहतो? हा आक्षेप मला निर्णायक वाटतो. टंचाईवर उभा असलेला त्यागाचा सिद्धान्त त्याच्यापुढे टिकत नाही, आणि तो टिकवण्याची माझी इच्छाही नाही.

मात्र वारकरी काय बोलतो याच्या जोडीला तो कसा वागतो तेही पाहिले, तर त्याने सुलभपणाच्या शेजारी आणखी एक गोष्ट ठेवलेली दिसते. ती म्हणजे नेम. नाम कुठेही घेता येते, तरी गळ्यात तुळशीची माळ पडली की एकादशी आली, हरिपाठ आला, वर्षाची वारी आली. हरिपाठ सत्तावीस-अठ्ठावीस अभंगांचा. तो रोज म्हणायचा आणि तोच म्हणायचा. आज जरा वेगळा घेऊ असे कुणी म्हणत नाही. आळंदीहून पंढरपूरला गाडीने काही तासांत पोचता येते, तरी लाखो माणसे अडीच-तीन आठवडे चालतात, आणि त्याला कुणी जुन्या काळाची हळहळ म्हणत नाही. एसटी नव्हती म्हणून चालणे ही अडचण होती, एसटी असून चालणे हा नेम आहे. कॅसेटच्या पिढीला नकळत मिळाले ते हेच. पैसा कमी आणि कॅसेटी मोजक्या, म्हणून त्याच त्या पुन्हा पुन्हा ऐकाव्या लागल्या, आणि त्या ऐकण्यातून गाण्याशी अशी घसट झाली जी एकदा-दोनदा ऐकून होत नाही. एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी तिच्याविषयीची पसंती वाढते, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ सालीच दाखवले आहे. पण घसट ही पसंतीच्या पुढची पायरी. आधी चाल कानात बसते, मग शब्द कळतात, मग तबल्याची एखादी जागा लक्षात येते, आणि कधी तरी, पन्नासाव्या की शंभराव्या वेळी, तान घेण्याआधी गायकाने घेतलेला श्वास ऐकू येतो. तो श्वास पहिल्या दिवसापासून फितीवर होता. हे घडवायला टंचाई कारण झाली हे खरे, पण काम केले ते पुन्हा पुन्हा परतण्याने. रॉकेलच्या रांगेतही पुन्हा पुन्हा उभे राहावे लागे, पण तिथे दर वेळी नवे उलगडावे असे काही नव्हतेच. म्हणून तिची ओढ कुणाला लागली नाही.

दुकान आणि खरेदी यांपासून नेम वेगळा काढून दाखवणारा पुरावा मराठी माणसाच्या ओळखीचाच आहे. १९५५च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत, आठवड्याला एक गीत, असे वर्षभर. त्या वर्षी अधिक महिना आला आणि गीतांची संख्या ५६वर गेली. या ऐकण्यात कुणी कॅसेट घेतली नव्हती की तबकडी. निवडही करायची नव्हती, कारण येईल ते गीत ऐकायचे होते. ज्याच्या घरी रेडिओ नव्हता तो शेजारी जाऊन ऐकत असे. तरी त्या वर्षाची जी ओढ त्या पिढीने पुढे जन्मभर बाळगली ती कॅसेटवाल्यांच्या ओढीच्याच जातीची आहे. गाणे ठरल्या वेळी येई, आणि पुढचे येईपर्यंत आठवडाभर मनात तेच घोळत राही. दुसरा पुरावा अलीकडचा आणि बाजारातला. एचएमव्हीची वारसदार असलेल्या सारेगामा कंपनीने २०१७ साली कारवाँ नावाचा, जुन्या रेडिओसारखा दिसणारा डबा काढला, त्यात आधीच भरलेली ५,००० गाणी. हीच गाणी फोनवर फुकट मिळत असताना लोकांनी हजारो रुपये मोजून तो घेतला, आईवडिलांना भेट दिला, आणि कंपनीला मराठी गाण्यांचाही डबा काढावासा वाटला. म्हाताऱ्या माणसांना फोन चालवता येत नाही म्हणून ते खपले, असे कुणी म्हणेल. तेही एक कारण असणार. पण लोकांनी पैसे देऊन गाणी कमी करून घेतली हे त्याने खोटे ठरत नाही. ५,००० गाणी म्हणजे काही नेम नव्हे, एवढे मात्र शंकेखोराला देऊन टाकतो.

आता ज्याला उत्तर न देता विषय मिटवणे अप्रामाणिक होईल असा आक्षेप. थोडक्यात गोडी मानणाऱ्यांनी ते थोडके इतिहासात कुणाच्या वाट्याला आले तेही पाहावे. घराण्यांनी बंदिशी लपवल्या. अल्लादियाखाँसाहेबांचे एकही ध्वनिमुद्रण मागे राहिले नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर याही ध्वनिमुद्रणाला फारशा राजी नसत, आणि नशिबाचा विनोद असा की १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत त्यांचीच भैरवी गेली आणि आता ती सूर्यमालेबाहेर निघाली आहे. विद्या कोंडून ठेवण्याच्या हट्टाने माणसांचे काय होते हा पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या १९६७ सालच्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाचा विषयच आहे. त्यात झरीना रंगवणाऱ्या फैय्याज मूळच्या सोलापूरच्या. तबकडीच्या काळात कुणाचा आवाज मुद्रित व्हावा हे मूठभर लोक ठरवत. कॅसेट स्वस्त झाली तेव्हा ती मूठ उघडली. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज पंढरपुरात तुळशीच्या माळा, बुक्का आणि चुरमुरे-बत्ताशांच्या शेजारी विठ्ठलाची गाणी म्हणून विकला गेला आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर भीमगीते म्हणून विकला गेला. माणूस एक, गळा एक. म्हणजे आज जिचा उमाळा येतो ती कॅसेट आपल्या काळात सुळसुळाटाच्याच बाजूने उभी होती, आणि तिने गाणे सवंग केले अशी कुरकुर तेव्हाच्या जाणकारांनी केलीच होती. हे सगळे मान्य करूनच बोलायला हवे. लादलेली टंचाई आणि पत्करलेला नेम यांत उपासमार आणि उपवास यांच्याइतके अंतर आहे. दारात बसून विड्या वळणाऱ्या ज्या बाईला काउंटरपर्यंत जायची मुभा नव्हती, घरातले पुरुष लावतील ती कॅसेट जिला कामाच्या तंद्रीत ऐकावी लागे, तिच्या वाट्याला निवड आली नाही आणि त्यागही आला नाही. फोनने तिच्या हातात पहिल्यांदा तिची आवड दिली. तिला जुन्या दुकानाचे गोडवे ऐकवणे ही थट्टा होईल. माझ्या युक्तिवादाला टंचाई परत यायला नको आहे. त्याला त्या टंचाईच्या पोटात चुकून सापडलेली गोष्ट हवी आहे, आणि ती विपुलतेतही राखता येते, हे नामाच्या सातशे वर्षांनी दाखवलेले आहे.

तबकड्यांची नवी लाट हा त्यावरचा इलाज नव्हे, हे ओघाने आले. अमेरिकेत २०२२ साली विनाइल तबकड्यांचे नग सीडीपेक्षा जास्त खपले, १९८७नंतर प्रथमच. आपल्याकडेही हौशी लोक जुन्या बाजारातून त्या शोधून आणतात. घ्याव्यात, कपाटात छान दिसतात. पण शंभर तबकड्या घेऊन प्रत्येक एकदा ऐकणारा आणि फोनवर शंभर गाणी सरकवणारा यांच्यात कानाच्या दृष्टीने काही फरक नाही. फरक खर्चाचा आहे. वस्तू परत आली म्हणून तिच्याशी असलेला व्यवहार परत येत नाही.

तेव्हा युक्तिवाद जिथे नेतो तिथे जायला हवे. नेम फोनवरही पाळता येतो. महिनाभर एकच गायक, रोज ठरल्या वेळी तोच अभंग, असे स्वतःला बांधून घ्यायला फोनची आडकाठी नाही; आडवे येते ते आपोआप पुढचे गाणे लावणारे यंत्र, आणि ते बंद करायची सोय त्यातच असते. मग दुकानाची ओढ इथे संपायला हवी, आणि बऱ्याच अंशी ती संपतेही. ज्याला गाण्याशी घसट हवी आहे त्याने दुकानासाठी झुरण्यापेक्षा आज संध्याकाळपासून एखादा राग धरावा. तरीही सोलापूरसारख्या गावातल्या दुकानाची एक गोष्ट या हिशेबात बसत नाही. दुकानदार गिऱ्हाइकाला कॅसेट लावून दाखवायचा, ती दुकानात उभ्या सगळ्यांना ऐकावी लागायची. अभंगवाणी घ्यायला आलेल्याच्या कानावर आधीच्या माणसाची तेलुगू गाणी पडायची, कव्वालीवाल्याला कन्नड ऐकावे लागायचे, आणि आपला नंबर लागेपर्यंत दुसऱ्याची आवड सोसणे किंवा तिच्यात रमणे एवढेच हातात असायचे. यातून कुणी थोर रसिक झाले असा दावा नाही. पण पूर्व भागात काय ऐकतात हे बाकीच्या गावाला ठाऊक होते, ते असे येताजाता. नेम एकट्याने धरता येतो, हा शेजार एकट्याला मांडता येत नाही.

यावर कुणी म्हणेल की दुसऱ्याचे गाणे कानावर आदळवायला मिरवणुकीतले डीजे आहेत की. आहेत, आणि त्यांच्यापुढे छाती धडधडते, घराच्या काचा थरथरतात, आवडीनिवडीचा प्रश्नच उरत नाही. दुकानात दुसऱ्याचे गाणे बोलण्याच्या आवाजात यायचे, दोन मिनिटे राहायचे, आणि मग पाळी आपली यायची. त्यात दोघांनाही जागा होती. सिद्धेश्वराच्या यात्रेत, संक्रांतीच्या सुमारास, सात नंदीध्वज निघतात आणि संमती कट्ट्यापाशी अक्षता टाकायला कन्नड, मराठी, तेलुगू बोलणारा सगळा गाव लोटतो, तेव्हा असा शेजार वर्षातून एकदा पुन्हा जमतो. पण तो सणाचा शेजार. दुकानातला रोजचा होता, पगाराच्या तारखांचा होता. आजचे यंत्र माणसाला त्याने कालपर्यंत जे ऐकले त्याच्याच जवळपासचे देत राहते. तेलुगू घरातल्या मुलाला तेलुगू, मराठी घरातल्या मुलीला मराठी आणि हिंदी, आणि दोघांच्या घरांमध्ये एक भिंत असली तरी कानात इयरफोन आहेत. हुरहुरीचा एवढा भाग नेमाने भागत नाही, आणि तो मोह म्हणून टाकून द्यायला मी तयार नाही. ज्याला तो मोहच वाटतो त्याने आधी सांगावे, पलीकडच्या घरातले गाणे आता अलीकडे कोणत्या वाटेने येणार आहे.